ज्याच्यावाचून काम अडतं, तोच माणूस द्या

प्रति,
नवी संगणक-सिस्टीम घ्यायचं ठरवणारे संचालक, विभागप्रमुख आणि प्रोजेक्टच्या कागदावर ज्यांचं नाव 'स्पॉन्सर' म्हणून लागतं ते सर्व जण

सप्रेम नमस्कार.

मी 22 वर्षं सिस्टीम ॲनालिस्टचं, म्हणजे कचेरीतलं काम समजून घेऊन त्यासाठी सिस्टीमचा आराखडा करण्याचं, काम करते आहे. खरेदी, साठा, पगार, बिलं, वसुली अशा कामांच्या सिस्टीम उभ्या करण्यात माझी नोकरी गेली. पहिल्या बैठकीत एक प्रश्न मी न चुकता विचारते : या कामाची खडानखडा माहिती कोणाला आहे? उत्तराला वेळ लागत नाही, सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येतं. मग मी विचारते, ते आम्हाला आठवड्यातले किती दिवस मिळतील? यावर कोणी तरी घसा खाकरतं आणि ठरलेलं उत्तर येतं : "त्यांना नाही हलवता येणार, रोजचं काम अडेल. पण काळजी करू नका, दुसरं कोणी तरी देतो."

हे 'दुसरं कोणी तरी' म्हणजे कधी तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेली मुलगी असते, कधी निवृत्तीला टेकलेले गृहस्थ, कधी बदलून आलेला आणि अजून टेबल न मिळालेला माणूस. त्यांचा काही दोष नसतो. मन लावून बसतात, टिपणं घेतात, माहीत असेल तेवढं सांगतात. पण काय सांगायचं राहिलं ते त्यांनाही उमगत नाही आणि आम्हालाही. त्यांच्या सांगण्यावर उभी राहिलेली सिस्टीम मात्र पुढची दहा-पंधरा वर्षं तुमच्या माणसांना वापरावी लागते. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

एका कारखान्याच्या स्टोअरमधला अनुभव सांगते. माल आवक करायची स्क्रीन आम्ही खरेदी-व्यवस्थापकांशी बोलून बनवली होती. त्यांनी नियम स्वच्छ सांगितला : पर्चेस ऑर्डरशिवाय (पीओशिवाय) आमच्याकडे माल घेतला जात नाही. आम्ही पीओ नंबरची जागा सक्तीची केली. नंबर टाकला नाही तर स्क्रीन पुढे सरकायची नाही. कागदावर सह्या झाल्या, गो-लाइव्ह झालं, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष वापरात आली, आणि दुसऱ्या आठवड्यापासून घोळ सुरू झाले. बेअरिंगचा साठा सिस्टीममध्ये एक आणि रॅकवर भलताच. जुन्या, जवळजवळ संपलेल्या ऑर्डरींवर मागणीपेक्षा जास्त माल आल्याचं दिसायला लागलं. अकाउंट्सने पुरवठादारांची बिलं अडवली. आढावा बैठकीत निष्कर्ष निघाला की स्टोअरकीपर एंट्री चुकीची करतात, त्यांना पुन्हा ट्रेनिंग द्या.

मी दोन दिवस स्टोअरच्या खिडकीत स्टूल टाकून बसले. स्टोअरकीपरना सगळे काका म्हणत, मीही म्हणू लागले. पहिल्याच सकाळी एक टेम्पो आला. रात्री मशीन बंद पडलं होतं, पाळीच्या सुपरवायझरने पुरवठादाराला फोन करून बेअरिंग मागवले होते. माल हजर, चलन हजर, पीओचा पत्ता नाही. खरेदी विभाग तो दोन दिवसांनी बनवणार होता, नेहमीप्रमाणे. मशीन मात्र तोवर थांबणार नव्हतं. काकांनी काय केलं? त्याच पुरवठादाराची एक जुनी, अजून बंद न केलेली ऑर्डर शोधली, तिचा नंबर टाकला आणि माल आत घेतला.

"पूर्वी काय करायचात?" मी विचारलं. त्यांनी ड्रॉवरमधून एक मोठी लोखंडी क्लिप काढली. तिच्यात पूर्वी अशी सगळी चलनं लावलेली असत. वर लाल पेन्सिलीने 'पीओ बाकी'. दर शनिवारी काका ती क्लिप घेऊन खरेदी विभागात जात, एकेका चलनाचा पीओ बनवून घेत आणि मगच रजिस्टरमध्ये पक्की नोंद करत. वर्षानुवर्षं कारखान्याचा साठा बरोबर राहिला तो या क्लिपमुळे. आमच्या 140 पानी रिक्वायरमेंटच्या (सिस्टीमकडून काय हवं त्याच्या) कागदात तिच्याबद्दल एक ओळ नव्हती.

"काका, हे आधी का नाही सांगितलंत?"

"मॅडम, मला कोणी विचारलंच नाही. बैठकीला साहेब गेले होते."

साहेबही खोटं बोलले नव्हते. त्यांनी नियम सांगितला, तो खरा होता. पण नियम मोडावा लागतो तेव्हा काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं, कारण काका ते त्यांच्यापर्यंत जाऊच देत नव्हते. मोठी चूक माझी होती. सही झालेला कागद हातात आला की काम समजलं, असं मी धरून चालले. ॲनालिस्टने खिडकीत जाऊन बसायचं असतं आणि बांधणीच्या आधी बसायचं असतं. मी गेले घोळ झाल्यावर. आम्ही आवकेला 'पीओ बाकी' अशी कच्ची नोंद दिली आणि तिची यादी रोज सकाळी खरेदी-व्यवस्थापकांना दिसेल अशी सोय केली. त्याला, आणि आधीच्या चुकीच्या नोंदी निस्तरायला, पाच आठवडे लागले. काका पहिल्या बैठकीत असते तर हा अर्ध्या तासाचा प्रश्न होता.

पुढच्या टप्प्यात, माल रवाना करण्याच्या कामाला, मी हट्ट धरून काकांना मागून घेतलं. आठवड्यातले तीन दिवस. त्यांच्या खिडकीवर दुसरा माणूस बसवायला लागला, त्याची कुरकुर झाली. पण आम्ही काढलेल्या प्रत्येक स्क्रीनवर काका एकच प्रश्न विचारत : "आणि गाडी अर्ध्या वाटेतून परत आली तर?" या एका प्रश्नाने आमच्या आराखड्यात चार नव्या अवस्था आल्या. प्रोग्रामर मुलं सुरुवातीला वैतागली. नंतर स्वतःच त्यांना विचारायला जाऊ लागली.

ॲनालिस्ट ही भूमिका जन्मली तेव्हाची गोष्ट इथे आठवते. जगातलं पहिलं नियमित व्यावसायिक काम संगणकावर चालवलं ते ब्रिटनमधल्या जे. लायन्स या चहाची दुकानं आणि बेकऱ्या चालवणाऱ्या कंपनीने, 1951 मध्ये, स्वतः बांधलेल्या 'लिओ' या संगणकावर. तिथे सिस्टीमचा आराखडा करणाऱ्या गटाचं नेतृत्व डेव्हिड कॅमिनर यांच्याकडे होतं. ते इलेक्ट्रॉनिक्सचे नव्हते. 1936 मध्ये त्याच कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून लागलेले, कचेरीतल्या कामाच्या पद्धती तपासण्यात मुरलेले. पुढे चहाच्या दुकानांच्या रोजच्या मागणीचं काम 'लिओ'वर आणलं तेव्हा या मंडळींनी दुकान चालवणाऱ्या बाईंचा दिवस कसा जातो ते आधी पाहिलं. रोजची मागणी बहुतेक सारखीच असते, म्हणून प्रत्येक दुकानाची ठरलेली मागणी नोंदवून ठेवली. दुपारी मुख्य कचेरीतून ठरलेल्या वेळी फोन जायचा, बाईंनी फक्त बदल सांगायचे. फोन घेणारी मुलगी ते ऐकता ऐकताच कार्डावर पंच करायची. दुकानातल्या बाईंना एकही नवा फॉर्म भरावा लागला नाही. इतकं सुटसुटीत काम आज, हातात मोबाइल असताना, आम्हाला अनेकदा जमत नाही. काम आतून माहीत असलेली माणसं तेव्हा आराखडा करत होती, हे त्याचं कारण मला वाटतं.

आता तुमच्या स्वतःच्या खुर्चीबद्दल. स्पॉन्सर म्हणजे पैसे मंजूर करणारा, असा समज पक्का बसला आहे. माझ्या मते स्पॉन्सरचं पहिलं काम भांडण मिटवण्याचं आहे. विक्री विभाग म्हणतो, माल गेटबाहेर गेला की विक्री झाली. अकाउंट्स म्हणतं, बिल फाटलं की झाली. दोघांकडे आपापली कारणं आहेत. हा प्रश्न आम्ही लिहून तुमच्याकडे पाठवतो. तुम्ही म्हणता, तुम्ही तिघे बसून ठरवा. आम्ही तिघे बसतो, ठरत नाही, तारीख जवळ येते. शेवटी एका संध्याकाळी पंचविशीतला एक प्रोग्रामर, ज्याने ना कधी बिल फाडलं ना गेट पाहिलं, त्याला कोडमध्ये जे सोपं जाईल ते लिहून टाकतो. तुमच्या कंपनीत विक्री कधी झाली म्हणायची हे त्या मुलाने ठरवलेलं असतं. तीन वर्षांनी ऑडिटर विचारतो तेव्हा हे कोणी ठरवलं, ते कोणालाच सांगता येत नाही.

याच्या उलटही होतं. निर्णय घेतले जातात, पण ते कशावर घाव घालतात हे सांगणारा माणूस खोलीत नसतो. कॅनडाच्या केंद्र सरकारची 'फिनिक्स' ही पगाराची सिस्टीम 2016 मध्ये सुरू झाली. तिथल्या महालेखापालांचा 2018 चा अहवाल तुम्ही प्रत्येकाने वाचावा असं मला मनापासून वाटतं. पगाराचे 80,000 हून अधिक नियम होते. बांधणारी कंपनी आयबीएमने खर्च 27.4 कोटी कॅनेडियन डॉलर होईल असं कळवलं, मंजूर रक्कम होती 15.5 कोटी. प्रकल्प चालवणाऱ्या वरिष्ठांनी जास्त पैसे मागितले नाहीत. काही कामं वगळली, काही पुढे ढकलली, चाचण्या कमी केल्या आणि आधी एका खात्यात चालवून बघायचं ठरलं होतं तेही रद्द केलं. मागच्या तारखेपासून लागू होणारा पगार काढण्याची सोयसुद्धा वगळलेल्यांत होती. त्याच सुमाराला पगाराचं काम वर्षानुवर्षं करणाऱ्या सुमारे 1,200 सल्लागारांची पदं रद्द झाली आणि एका नव्या केंद्रात सुमारे 550 माणसं नेमली गेली. मग कोणाला कमी पगार, कोणाला जास्त, कोणाला मुळीच नाही. दोन वर्षांत सरकारला ती सिस्टीम बदलण्याचा इरादा जाहीर करावा लागला.

मला यातली सगळ्यात दुखरी गोष्ट वाटते ती त्या 1,200 जणांची. काम ज्यांच्या डोक्यात आणि बोटांत होतं ती माणसं, ते काम सिस्टीमच्या अंगवळणी पडायच्या आतच घरी गेली. आमच्या प्रोजेक्टांतही माहीतगार माणूस कधी कधी तोंड मिटून बसतो. तुम्हाला तो आडमुठेपणा वाटतो. त्याला भीती असते की आपलं सगळं सांगून झालं की आपली गरज संपेल. ही भीती घालवणं ॲनालिस्टच्या हातात नाही, प्रोजेक्ट मॅनेजरच्याही नाही. नोकरीची हमी देता येत असेल तर ती तुम्ही, तुमच्या तोंडाने, सुरुवातीलाच द्या. देता येत नसेल तर तेही सांगा, आणि त्याच्याकडून फुकट ज्ञान काढून घ्यायला आम्हाला पाठवू नका.

या प्रश्नाला जगात कोणी हात घातला नाही असं नाही. नॉर्वेचे क्रिस्तेन न्यूगॉर यांनी 1960 च्या दशकात ओले-योहान डाल यांच्याबरोबर 'सिम्युला' ही भाषा घडवली. ऑब्जेक्टच्या भाषेत, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधून, विचार करणारा आजचा प्रत्येक प्रोग्रामर त्यांचं देणं लागतो. तेच न्यूगॉर 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर बसले, कारण कारखान्यात येणाऱ्या संगणकांबद्दल कामगारांना स्वतःचं मत मांडता यायला हवं होतं. ब्रिटनमध्ये समाजशास्त्रज्ञ एनिड ममफर्ड यांनी हेच कचेऱ्यांत केलं. सिस्टीम जे वापरणार त्यांनीच तिची आखणी करावी, यासाठी त्यांनी पद्धत बसवली. पन्नास वर्षं होऊन गेली, आणि आम्ही अजून 'युजर' कोण द्यायचा यावर अडतो.

बाकीच्या भूमिकांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्या तुम्ही निदान भरता तरी. प्रोजेक्ट मॅनेजर चांगला असेल तर तुम्हाला वाईट बातमी लवकर देईल. दिल्याबद्दल त्याला झापू नका, नाहीतर पुढची बातमी तो गो-लाइव्हच्या आदल्या दिवशी देईल. टेस्टरला शेवटच्या महिन्यात आणण्यापेक्षा पहिल्या महिन्यात आणा. डेटाबेस सांभाळणाऱ्याला जुन्या नोंदींची सफाई कोण करणार हे सांगा. एकच पुरवठादार चार वेगवेगळ्या स्पेलिंगने पडलेला असतो आणि त्यातला चालू कोणता हे त्याला नाही, तुमच्या अकाउंट्समधल्या जुन्या क्लार्कला माहीत असतं. आणि काम रखडलं की आणखी प्रोग्रामर मागवू नका. आयबीएममध्ये मोठ्या प्रणालीचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलं की उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर वाढतो. रखडलेल्या प्रोजेक्टमध्ये मला पाच नवे प्रोग्रामर आणि एक माहीतगार क्लार्क यांतून निवडायला सांगितलं, तर मी डोळे मिटून क्लार्क मागेन.

सह्यांबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं. रिक्वायरमेंटवर सही, आराखड्यावर सही, मग एकदम यूएटीवर (वापरणाऱ्यांनी शेवटी करायच्या चाचणीवर) सही, अशी आमची रीत आहे. मधले आठ महिने तुमच्याकडून कोणी फिरकत नाही. टप्प्याटप्प्याने उतरत जाणारी जी पद्धत पुढे 'वॉटरफॉल' म्हणून ओळखली गेली, तिचं चित्र विन्स्टन रॉइस यांच्या 1970 च्या लेखातून जगभर पसरलं. त्याच लेखात त्यांनी बजावलं होतं की गरजा ठरल्यापासून सिस्टीम सुरू होईपर्यंत बांधणाऱ्याला मोकळं सोडणं म्हणजे संकटाला बोलावणं, ग्राहकाला मधल्या टप्प्यांत रीतसर सामील करून घ्या. चित्र सगळ्यांनी उचललं, हे वाक्य तिथेच राहिलं. आता कंपन्या 'अजाइल' (थोडं थोडं बांधून दाखवत जाणाऱ्या) म्हणवतात, दर दोन आठवड्यांनी डेमो होतो, काय बांधायचं ते ठरवणाऱ्या 'प्रॉडक्ट ओनर'ची खुर्ची असते. पण त्या खुर्चीत पुन्हा तेच 'दुसरं कोणी तरी' बसलेलं मी पाहते.

यूएटीचं चित्र तर तुमच्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिलं आहे मला शंका आहे. दिवसभराचं काम आटोपून, घड्याळाकडे बघत, संध्याकाळी सहा ते आठ. हातात आम्हीच लिहून दिलेली पायऱ्यांची यादी. इथे क्लिक करा, हे दिसतंय का, दिसतंय, बरोबरची खूण. त्या खुणांच्या आधारावर तुम्ही सही करता. सही करण्याआधी एक दिवस ती चाचणी करणाऱ्या माणसाशेजारी बसा. कालची खरी कागदपत्रं घ्या, कोरी-करकरीत नमुन्याची नव्हे, आणि त्याला ती नव्या स्क्रीनवर भरू द्या. मध्ये बोलू नका. तो कुठे थांबतो, कुठे ड्रॉवर उघडतो, कुठे कागदावर काही खरडतो ते बघा.

सिस्टीम सुरू झाली की वापरणाऱ्याची भूमिका संपते असंही समजू नका. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसात 1999 पासून 'होरायझन' ही फुजित्सूची हिशोबाची सिस्टीम आली. शाखा चालवणारे लोक सांगत राहिले की आमच्या हिशोबात नसलेली तूट दिसते आहे, हेल्पलाइनला फोन करत राहिले. सिस्टीम बरोबर आहे, तुम्ही चुकता आहात, हे धरून चालल्यामुळे 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक जण चोरी, खोटे हिशोब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, कित्येकांनी घरदार गमावलं. सिस्टीममध्ये दोष होते हे उच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटलं, आणि शिक्षा सरसकट रद्द करायला 2024 मध्ये कायदा करावा लागला. काकांच्या स्टोअरमध्ये 'एंट्री चुकीची करतात' असा शेरा आम्ही मारला होता, तेव्हा आम्हीही त्याच वाटेवर होतो. माझ्या मनातून ते जात नाही. म्हणून वापरणारा 'आकडा चुकतोय' म्हणाला, की त्याचं म्हणणं आधी नोंदवा. त्या नोंदीला नंबर द्या, तिचं काय झालं हे त्याला सांगायला एक माणूस नेमा, आणि तो माणूस बांधणाऱ्या कंपनीचा नसू द्या.

माझं मागणं मोठं नाही. काम ज्याच्यावाचून अडतं त्याला आठवड्यातले तीन दिवस मोकळे करा, आणि त्याच्या जागी बसणाऱ्याचा पगार प्रोजेक्टच्या खर्चात धरा. वर्षअखेरच्या मूल्यमापनात हे काम त्याच्या नावावर लागू द्या, नाहीतर तो ते दंड म्हणून करेल. आम्ही त्याच्याशी बोलत असताना त्याचे साहेब शेजारी नसावेत. साहेबांशी आम्ही वेगळं बोलू. आणि अडलेले निर्णय घेऊन आम्ही आलो तर तुमच्या आठवड्यातला एक तास आम्हाला ठरलेला असू द्या.

लवकरच तुमच्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर नव्या प्रोजेक्टच्या माणसांची यादी सहीला येईल. तिच्यात 'की युजर' (मुख्य वापरणारा) असा एक रकाना असेल आणि त्यात नाव लिहिलेलं असेल. सही करण्याआधी त्या माणसाच्या साहेबांना फोन लावा आणि विचारा, हा तीन दिवस नसेल तर तुमचं कसं चालेल? ते म्हणाले, "काही अडचण नाही, खुशाल घेऊन जा," तर ते नाव खोडा आणि दुसरं मागा.

आपली,
एक सिस्टीम ॲनालिस्ट